तायडेकाकांचा लाल टॅग

मे महिन्यात, टळटळीत दुपारी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं पंखा लावला म्हणून एका सभ्य गृहस्थांनी माझ्याकडे खुनी बाईकडे पाहावं तसं पाहिलं होतं. ते गृहस्थ म्हणजे आमचे शेजारी भीमराव तायडे, साऱ्या कॉलनीचे तायडेकाका.

आम्ही तेव्हा मेहकरच्या या कॉलनीत नुकतेच राहायला आलो होतो. बैठकीतला पंखा कुरकुरत होता. माझे यजमान, प्रशांत, भिंतीपलीकडच्या काकांजवळ सहज बोलून गेले आणि चहा उकळायच्या आत काका शिडी, पक्कड आणि टेस्टर घेऊन दारात हजर. आधी त्यांनी घराचा मेन स्विच पाडला. मग खिशातून पंजाएवढा लाल प्लॅस्टिकचा तुकडा काढून सुतळीनं स्विचच्या दांडीला बांधला. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'चालू करू नका. माणूस कामावर आहे.' खाली 'भी. तायडे' अशी सही आणि वर एक कवटी, जी जरा हसल्यासारखी दिसत होती. पंखा उतरवून काका म्हणाले, "बेरिंग गेलं याचं. जेवून घेतो आन् बजारातून आनतो." मग ते घरी गेले, जेवले आणि झोपले.

मी बराच वेळ पदरानं वारा घेतला. शेवटी आतल्या खोलीतला पंखा तरी लागावा म्हणून ती सुतळी सोडली आणि स्विच वर केला. चार वाजता काका आले, त्यांनी स्विच पाहिला आणि हातातली शिडी हळूच खाली ठेवली.

"बाई, टॅग कोनं काढला?"

"मीच. फार उकडत होतं हो."

"आन् मी पंख्यावर राह्यलो असतो तं?"

"पण काका, तुम्ही तर घरी झोपला होता!"

"हे तुमाले मालूम. टॅगले कसं मालूम?"

मी शाळेत मास्तरीण आहे, मुलांना गप्प करणं हा माझा धंदाच आहे, पण त्या दिवशी मीच पकडल्या गेलेल्या पोरीसारखी शिडी धरून उभी राहिले. काकांनी बेरिंग बसवलं, पंखा फिरवून दाखवला आणि जाता जाता दारातून बोट वर करून म्हणाले, "ध्यानात ठेवा. ज्याचा टॅग, त्याचाच हात."

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवीन.

काका मूळचे वरवट बकालचे. आयटीआय करून तरुणपणीच ते समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काकू जानेफळच्या. माहेर जवळ असावं म्हणून त्यांनी मेहकरला घर बांधलं. काका समुद्र सोडून आले, पण टॅग सोडून आले नाहीत. केंद्रात नियम असा की कोणी माणूस यंत्रावर काम करत असेल तर त्यानं वीज तोडून तिथे आपल्या नावाचा टॅग लावायचा, आणि काम झालं की तो त्यानंच काढायचा. साहेबानं हुकूम दिला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नियम चांगलाच आहे. पण तो अणुवीज केंद्रासाठी आहे. काकांनी तो खलबत्त्यापासून मोटरसायकलीपर्यंत सगळ्याला लावला.

टॅग ते स्वतः करत, फुटक्या लाल बादल्या कापून. "आमच्या घरात लाल बादली टिकत नाई व मंगल," काकू मला सांगायच्या. "चांगली बादली राह्यली तरी हा मानूस तिच्याकडे असा पाह्यते का तीच घाबरून फुटते."

कॉलनीच्या टाकीचा व्हॉल्व्ह, पिठाच्या गिरणीचं बटण, बुद्धविहारातला माइक, सगळीकडे केव्हा ना केव्हा ती हसरी कवटी लटकलेली आहे. जाधवांच्या मुलाच्या लग्नात तर कमालच झाली. वरातीतला डीजेवाला चालू जनरेटरमध्ये हात घालून वायर जोडत होता. काकांनी जाऊन जनरेटर बंद केला, टॅग लावला आणि त्या पोराला म्हणाले, "कर आता आरामात." पोरानं वायर जोडली. तेवढ्यात नवरीकडच्या मंडळींनी काकांना आग्रहानं पंगतीला बसवलं. टॅग काढायचा कोणी? पोराच्या कानावर कोणीतरी घातलं होतं, की हा बुवा अणूतला आहे, त्याच्या वस्तूला हात लावशील तर बोटं झडतील. वरात मुकाट्यानं चालत मांडवात आली. काका तिकडे जिलबीला नको नको म्हणत होते. डोकं दुखणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांनी त्या दिवशी काकांना मनापासून दुवा दिल्या.

अणूची ही भीती पहिल्या वर्षी आमच्या गल्लीत फार होती. काकांच्या भिंतीला लागून कोणी पापड वाळत घालत नसे. न्हाव्यानं तर एकदा विचारलं म्हणे, "काका, तुमचे केस अंधारात चमकते का हो?" काका शांतपणे म्हणाले, "तुहं बिल दिल्यावर माहे डोयेच चमकते." पाहुणे विचारत, अणूवर म्हणजे तुम्ही नेमकं करत तरी काय होता? काका म्हणत, "पानी तापवत होतो." आणि ते खरंच आहे. अणूनं पाणी तापवायचं, वाफेनं चाक फिरवायचं, चाकानं वीज करायची. हे ऐकलं की काकू आतून ओरडत, "साऱ्या देशासाठी पानी तापवलं, पन घरी एक दिवस चहा ठेवला नाई ह्या मानसानं!"

आपल्या केंद्राचा त्यांना अभिमान असा, की मेहकरात व्होल्टेज चांगलं असलं तर ते 'आमचं' आणि दिवे मिणमिणले की ते 'दुसऱ्यायचं'. प्रशांत त्यांना मुद्दाम डिवचत. "काका, आपल्या विदर्भात कोळशाची वीज. तुमची इथवर कशाला येईल?"

"तुमाले काय वाटलं, लाईन काय एसटीत बसून येते? अरे बाप्पा, सगळ्यायनं आपापली घागर एकाच हौदात रिकामी करायची आन् सगळ्यायचे नळ त्याच हौदाले. मंग सांगा तुमच्या तांब्यात कोनाच्या घागरीचं पानी हाये!" मग आवाज खाली आणून, "फरक एवढाच, का ऊन गेलं का सोलारवाल्याची घागर थांबते, वारा पडला का पवनचक्कीवाल्याची थांबते. आमची एका चालीनं चालूच राह्यते. कोनाले दिसत बी नाई. आज काई झालं नाई, ह्येच आमचं प्रॉडक्शन."

काही झालं नाही, याचा एवढा आनंद होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्याकडे काही झालं नाही तर लोक कंटाळतात. काका मात्र संध्याकाळी ओट्यावर बसून, कॉलनीतले सगळे दिवे लागलेले पाहून, जेवण झाल्यासारखा ढेकर देत.

काकू या सगळ्याची टर उडवत. सुमनकाकू बारीक चणीच्या, तोंडानं फटकळ, आणि काकांच्या टॅगांवर त्यांचा विशेष राग. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी एकदाही टॅग लावला नाही. मिक्सर साफ करायचा तर त्या पिन ओढून मोकळ्या. काका म्हणत, "सुमन, टॅग." काकू म्हणत, "तुमच्या तोंडाले लावा."

आणि मग एक दिवस त्यांनी लावला.

काका बाजारात गेले होते. स्वयंपाकघरात फ्रिजच्या दाराला हात लावताच काकूंना चांगलाच झटका बसला. त्यांनी स्वयंपाकघराचा स्विच पाडला, आणि काय मनात आलं कोण जाणे, काकांच्या डब्यातला एक कोरा लाल तुकडा घेतला, त्यावर माझ्या मुलीच्या, तिथेच विसरलेल्या स्केचपेननं मोठ्या अक्षरात 'सुमन' लिहिलं आणि सुतळीनं बांधून टाकला. मला हाक मारून दाखवलासुद्धा. "पाह्य व मंगल, म्याबी लावला. येऊ दे आता बुढ्याले. खुशीनं चक्कर येते का नाई पाह्य."

बुढ्याला खरंच चक्कर यायची बाकी राहिली. हातातल्या पिशवीतली वांगी खाली पडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ते त्या टॅगकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाये." त्यांनी शेजारी स्वतःचा टॅग लावला, बोर्ड उघडला, जळकी वायर बदलली, आणि आपला टॅग काढून घेतला. काकूंचा तसाच. "तुहा तू काढ," असं ते मोठ्या थाटात म्हणत होते, तेवढ्यात काकू ओट्याला धरून खाली बसल्या. त्यांना श्वास घेता येत नव्हता.

काकूंचं हृदय काही दिवसांपासून कुरबुर करत होतं, पण पित्त म्हणून त्यांनी ते अंगावर काढलं होतं. प्रशांतनं गाडी काढली आणि त्यांना संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन करावं लागलं. ते नीट झालं, पण नंतर छातीत संसर्ग झाला, ताप उतरेना, आणि काकू अतिदक्षता विभागातच अडकल्या. डॉक्टर काही नक्की सांगेनात.

काका तिथेच होते, पण दवाखान्यात त्यांचा फार दिवस टिकाव लागला नाही. काकूंच्या खाटेच्या डोक्याशी यंत्रांचा स्विचबोर्ड होता. झाडपूस करताना कोणाचा धक्का लागून बटण बंद पडेल या धास्तीनं त्यांनी त्याला टॅग लावला. मजकूर बदलला होता, 'बंद करू नका. माणूस कामावर आहे.' कवटी मात्र तीच होती. अतिदक्षता विभागात, पेशंटच्या उशाशी, लाल कवटी! शेजारच्या खाटेवरच्या आजींनी ती पाहिली आणि यमदूत आले म्हणून हंबरडा फोडला. सिस्टरनं टॅग काढायला हात पुढे केला, तर काका आडवे. शेवटी त्यांची मुलगी वैशाली हात जोडून म्हणाली, "बाबा, आईपाशी मी आहे. तुम्ही मेहकरला जा." काकांनी स्वतःचा टॅग स्वतः काढला आणि एसटीनं घरी आले.

मी डबा द्यायला गेले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. साऱ्या कॉलनीत दिवे होते. काकांच्या बैठकीतही होता. स्वयंपाकघरात मात्र मेणबत्ती, आणि तिच्या उजेडात काका खाली बसून पोहे निवडत होते. फ्रिज उघडा, रिकामा, आत वर्तमानपत्र घातलेलं. दूध नासलं म्हणून चहा कोरा. भिंतीवर स्विच पाडलेला आणि त्याच्यावर 'सुमन'.

"काका, बोर्ड तर तुम्ही दुरुस्त केला होता ना?"

"कवाच. चकाचक हाये."

"मग लावा की स्विच!"

"तिचा टॅग हाये."

मला आधी हसू आलं. ज्या माणसाच्या केंद्रानं राज्याराज्यांत उजेड पाडला, तो मेणबत्तीत पोहे निवडत बसलाय. प्रशांतला सांगितलं, तेही हसले. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सगळ्या कॉलनीनं समजावून पाहिलं. जाधव म्हणाले, मी लावतो स्विच, पाप मला लागू द्या. काका दारात उभे राहिले ते जाधव जाईपर्यंत हलले नाहीत. काका वाळत चालले होते. एकदा अंधारात त्यांनी तव्यावर मनगट भाजून घेतलं, तेव्हा मात्र मी भडकले. मी वर्गात ओरडते तशी ओरडले.

"काका, पुरे झालं हे! अहो, नियमाला काही वाट असेल की नाही? तुमच्या केंद्रात टॅग लावणारा माणूस आजारी पडला तर काय यंत्र जन्मभर बंद ठेवत होते का?"

काका मनगटावर कणीक लावत होते. "नाई ना. हाये ना नेम. साहेबानं सगळ्यायले जमा करायचं. आन् सगळ्यायसमोर बोलायचं, का हा मानूस आता कामावर येनार नाई. तसं बोलला, का मंग दुसऱ्याले टॅग काढता येते."

त्यांनी कणकेचे हात पुसले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तुमीच सांगा बाई. मी कोनाले जमा करू? आन् काय बोलू?"

मी तिथेच, त्यांच्या समोर, फरशीवर बसले. मला रडू आवरेना. इतके दिवस आम्ही सगळे त्यांना 'एवढंसं बटण तर दाबा' म्हणत होतो, आणि ते बटण दाबणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणालाच कळलेलं नव्हतं. काकांनीच उठून मला पाण्याचा तांब्या दिला. "रडू नका. तिले आवडत नाई घरात कोनी रडलेलं."

त्यानंतर कॉलनीत कोणी तो विषय काढला नाही. जाधवांनी आपला चार्जिंगचा कंदील आणून दिला, प्रशांतनं तो बैठकीतल्या पिनवर चार्ज करायचं काम अंगावर घेतलं, आणि आम्ही बायकांनी डब्याच्या पाळ्या लावल्या. काका रोज सकाळी ओट्यावर बसून वैशालीला फोन लावायचे. काय बोलायचे ते आम्हाला ऐकू यायचं नाही. फोन मात्र पुष्कळ वेळ कानाला असायचा.

एका सकाळी मी शाळेला निघाले तर काका फाटकात उभे. बनियनवर, दाढी वाढलेली, पायात एकच चप्पल.

"बाई, ताप उतरला. काल पेज खाल्ली म्हने तिनं. आन् पेज अळणी हाये म्हनून सिस्टरले बोलली बी."

काकू कोणालातरी बोलल्या, ही बातमी आमच्या गल्लीत दहा मिनिटांत सगळीकडे पोचली. मी शाळेत उशिरा गेले आणि मुलांना पहिल्याच तासाला खेळायला सोडून दिलं.

त्या आल्या तेव्हा गाडीभोवती सगळी कॉलनी जमली होती. आधीच बारीक, त्यात निम्म्या झालेल्या. वैशालीच्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढल्या, आणि बैठकीत घातलेल्या गादीकडे ढुंकून न पाहता सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेल्या.

"अंधारच ठुला व्हय अजून?"

काका म्हणाले, "हाव."

काकूंनी टॅगला हात घातला. त्यांनीच मारलेली गाठ, पण आता बोटांत जोर नव्हता. सुटेना. मी पुढे होणार तर वैशालीनं माझा दंड धरला. काका बायकोच्या शेजारी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. कपाळावर घाम. आम्ही बायका-माणसं एका सुतळीकडे पाहत होतो. एकदाची सुटली. काकूंनी स्विच वर केला. ट्यूब दोनदा फडफडून लागली, फ्रिज घरघरला, आणि बाहेरून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

"मीटर पाहून येतो," असं म्हणून काका घाईघाईनं मागच्या दारानं गेले. मीटर पुढच्या दारी आहे. मागच्या नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

काकूंना आम्ही खुर्चीत बसवलं. वैशाली हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, "मावशी, बाबा रोज फोन करायचे ना, त्यात एकदाही 'कशी आहे' विचारलं नाही. फोन आईच्या कानाशी धर म्हणायचे आणि म्हणायचे, 'सुमन, बोर्ड बंदच हाये.' बस. पुढे काही नाही. आईच्या तोंडावर मास्क, तिला बोलता यायचं नाही. ती नुसता हात वर करायची, पुन्हा पुन्हा. सिस्टरला वाटायचं दुखतंय, ती इंजेक्शन घेऊन धावत यायची."

"दुखत नव्हतं व माय," काकू म्हणाल्या. "मी त्याइले सांगत होती, कोनी हात लावू नका, मी येऊन राह्यली."